जुना ट्रॅक्टर हाही वारसाच

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूप राखलेली गाडी त्यानुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, वेगळ्या मालिकेचा क्रमांक आणि दहा वर्षांची मुदत, अशी ती व्यवस्था आहे. नियम स्वागतार्हच आहे, पण त्यात एक गोष्ट खटकते. हा मान फक्त दुचाकींना आणि माणसे वाहणाऱ्या चारचाकी मोटारींना आहे. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. संस्थानिकांच्या मोटारी आणि जुन्या मोटारसायकली वारसा ठरल्या. ज्या यंत्राने या राज्यातल्या काळ्या रानाची नांगरट बैलांच्या खांद्यावरून उतरवून घेतली, त्याच्यापुढे मात्र दोनच वाटा उरल्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करत राहायचे, नाहीतर भंगारात जायचे. जुने, लहान ट्रॅक्टर दुरुस्त करून पुन्हा उभे करण्याच्या छंदाला कायद्यात आणि शिक्षणात जागा मिळावी, आणि ती जागा मुंबई-पुण्याच्या आधी वडवणीसारख्या तालुक्यात तयार व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

हा छंद आपल्याला परका वाटतो, कारण त्याची ओळख आपल्याला परदेशातल्या हिरवळीवरच झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरामागची बाग सांभाळण्यासाठी लहान ट्रॅक्टर निघाले. व्हील हॉर्स ही कंपनी १९४६ सालची, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १९६१ चा, जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा. तिथले हौशी लोक आजही ही यंत्रे शोधून, उघडून, पुन्हा चालती करतात. ब्रिटनमध्ये जुने ट्रॅक्टर आणि इंजिने जपणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९६५ पासून आहे. आपल्याकडे हिरवळ नाही, पण तेवढ्याच ताकदीच्या यंत्राची गरज कितीतरी मोठी आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. कपाशीच्या ओळींतून पाळी घालायला, मोसंबीच्या फांद्यांखालून फिरायला किंवा बालाघाटाच्या उतारावरच्या सीताफळात शिरायला ५० अश्वशक्तीचे धूड कामाचे नाही. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना आखली, ती ९ ते १८ अश्वशक्तीची. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान. अमेरिकेतल्या बागेच्या ट्रॅक्टरची ताकदही साधारण एवढीच. योजनेत खरेदीचा पैसा आहे, पण दहाव्या वर्षी त्याचा गिअर बॉक्स कोण उघडणार, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही. ते उत्तर ज्यांच्या हातात असते, ती माणसे छंदातून तयार होतात.

आपल्या ट्रॅक्टरांचा इतिहासही जपण्याजोगा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, ही हकिगत मराठी माणसाला ठाऊक असते. नांगराला आपण उद्योगाच्या इतिहासात जागा दिली, ट्रॅक्टरला दिली नाही. देशात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरीदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला; त्याचे तंत्र जर्मनीचे. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत बी-२७५ तयार होऊ लागला. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे तंत्र घेऊन एचएमटी १९७१ मध्ये या धंद्यात उतरली. १९७४ मध्ये स्वराज ७२४ आला, तो दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या आराखड्यावर. किर्लोस्करांनीही जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्याने नाशिकला ट्रॅक्टर बनवला होता. यातले काय उरले पाहा. आयशरचा ट्रॅक्टर विभाग २००५ मध्ये टॅफेकडे गेला, स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राकडे. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. किर्लोस्करांचा ट्रॅक्टर जुन्या माणसांच्या बोलण्यापुरता राहिला. कारखाना बंद होतो तेव्हा ओतकामाचे साचे, आराखडे, सुट्या भागांचे क्रमांक आणि फिटरांच्या हातातले कसब एकाच वेळी विखुरते. मग त्या कामाचा विश्वासार्ह दस्तऐवज म्हणून उरते ते रानात उभे असलेले यंत्र.

आणि हा दस्तऐवज पाना हातात घेतल्याशिवाय वाचता येत नाही. आयशरचे जुने एक सिलिंडरचे इंजिन घ्या. त्याला रेडिएटर नाही. सिलिंडरवरच्या पाकळ्यांवरून हवा खेळवून ते थंड राखले जाते. जिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे पाण्यावाचून चालणारे इंजिन किती विचाराने निवडले गेले असेल, हे ते उघडल्यावर कळते. त्याचा दोषही तिथेच कळतो. त्या पाकळ्यांत धूळ, भुसा आणि गळके ऑइल साचून थर बसला की सिलिंडर तापतो, पिस्टन धरतो आणि दोष मात्र इंजिनाला लागतो. पुढे डिझेलचा पंप. त्यात संगणक नाही, तारा नाहीत. किती डिझेल कधी सोडायचे हे प्लंजर, स्प्रिंग आणि गव्हर्नर ठरवतात. नोझलने धुक्यासारखा फवारा मारला पाहिजे. ते थेंब गाळू लागले की धूर होतो, इंजिन ठोकते आणि पिस्टनचा माथा जळतो. पाइपात हवा धरली की चांगले इंजिनही मुके होते. लायनर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाला, जिथे रिंगा दिशा बदलतात. म्हणून माप तिथे घ्यायचे असते, मधे नव्हे. मागची लिफ्ट हा तर स्वतंत्र धडा आहे. हॅरी फर्ग्युसनच्या तीन सांध्यांच्या जोडणीने नांगराची ओढ मागच्या चाकांवरचा भार वाढवते, म्हणून वजनाला हलका ट्रॅक्टर भारी काम करतो. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते पट्टे चढवलेल्या छोट्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर बसून. आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची लिफ्टही मुळात याच तत्त्वावर चालते. ज्या मुलाने जुनी लिफ्ट एकदा स्वतः खोलून बसवली, त्याला नवी समजावून सांगावी लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे आपल्याकडे चालूच आहे. जुने ट्रॅक्टर जगवण्यात आपल्या मिस्त्र्यांचा हात कोण धरणार? हे खरे आहे, आणि त्या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण गॅरेजमधले काम आणि छंदाचे काम यांची उद्दिष्टे वेगळी आहेत. पेरणी तोंडावर असताना मिस्त्रीला ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत चालू करून द्यायचा असतो. मग दुसऱ्याच कंपनीचा पंप बसतो, मोडलेल्या ब्रॅकेटला वेल्डिंगचा टाका पडतो, हेडचे पॅकिंग पत्रा कापून तयार होते. त्या घडीला तेच योग्य असते. अशा दहा दुरुस्त्यांनंतर मात्र ते यंत्र मुळात कसे होते, हे सांगणारे काहीही त्याच्यात शिल्लक राहत नाही. छंदाकडे घाई नसते. तो मूळ भाग शोधतो, मिळाला नाही तर माप घेऊन लेथवर तसाच घडवतो आणि काय बदलले ते लिहून ठेवतो. ही नोंद ठेवण्याची सवय आपल्या गॅरेजांत कमी आहे. ती तिथे रुजली तर रोजच्या दुरुस्तीचा दर्जाही वाढेल.

वडवणीचे नाव मी मुद्दाम घेतले. बीड जिल्ह्यातला हा कोरडवाहू तालुका ऊसतोड मजुरांचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांच्याबरोबर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात आणि हंगामभर ताकदीच्या टोकाला काम करतात. हप्ते फिटेपर्यंत ज्याच्या जिवावर घर चालते, ते यंत्र परमुलखात, कारखान्याच्या रस्त्यावर बंद पडले तर ते ओळखीचे हात शोधते. यंत्रावर इतके अवलंबून असलेल्या तालुक्यात यंत्र समजणारी माणसे पुष्कळ असायला हवीत. पाडवा ते मृग हे दोन-अडीच महिने रानात काम थोडे असते. एखादे इंजिन पूर्ण खोलून, धुऊन, मापून पुन्हा बसवायला हाच काळ सोयीचा आहे. शिवाय हवा कोरडी असल्यामुळे कोकणात लोखंडाला जसा गंज खातो, तसा इथे खात नाही. वर्षानुवर्षे उभे असलेले यंत्रही पुष्कळदा वाचवण्याच्या स्थितीत मिळू शकते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. दुष्काळ आणि कर्ज यांनी पिचलेल्या जिल्ह्यात छंदाच्या गोष्टी करणे शोभते का? ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबाने जुन्या ट्रॅक्टरवर पैसा घालावा, असे मी मुळीच म्हणत नाही. कर्ज काढून छंद करू नये. पोटाच्या शेतीसाठी जुना ट्रॅक्टर घेणे दरवेळी परवडते, असाही माझा दावा नाही. पण छंद हा फक्त पैसेवाल्यांचा हक्क आहे, हे गृहीतक मला मान्य नाही. तालुक्याच्या गावी शिक्षक आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत, लेथवाले आहेत, आयटीआयमधून बाहेर पडलेली आणि काम शोधणारी मुले आहेत. चार जणांनी मिळून भंगाराच्या भावात एक बंद यंत्र घेतले, तर त्यात पैशापेक्षा वेळच जास्त लागतो. पुण्यात काका केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली तेव्हा तोही एका माणसाचा छंदच होता. १९६२ मध्ये त्याचे संग्रहालय झाले आणि १९७५ मध्ये केळकरांनी तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना वारशाचा मान मिळाला, तसा शेतातल्या यंत्राला मिळायला हरकत नसावी.

धुराचा प्रश्न टाळता येणार नाही. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त प्रदूषण करते. पण प्रमाण पाहायला हवे. ट्रॅक्टरांच्या धुरासाठीचे ट्रेम-४ हे कडक निकष जानेवारी २०२३ पासून लागू झाले, तेही फक्त ५० अश्वशक्तीच्या वरच्या यंत्रांना. लहान ट्रॅक्टर नवे असले तरी त्या चौकटीबाहेर राहिले. वर्षातून थोडे तास चालणारे, नोझल आणि टायमिंग नीट लावलेले जुने इंजिन हा हवेचा मोठा शत्रू नव्हे. २०२१ च्या नियमाने व्हिंटेज मोटारींना रोजच्या किंवा धंद्याच्या वापराची मुभा दिलेली नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि देखभाल एवढ्यापुरत्याच त्या रस्त्यावर येतात. तीच अट ट्रॅक्टरला घाला. सुरक्षेबाबत तर मी अधिक कडक अटी मागेन. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट नसते आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणारा, अवजारांना गती देणारा पीटीओचा दांडा बहुधा उघडाच असतो; त्यात धोतर किंवा ओढणी अडकली की सावरायला क्षणही मिळत नाही. मूळ रूप राखण्याच्या हट्टापायी दांड्यावरचे झाकण, चांगले ब्रेक आणि मागचे परावर्तक टाळता कामा नयेत.

मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. व्हिंटेज नोंदणीच्या नियमात कृषी ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर यांचा समावेश करावा आणि शुल्क शेतकऱ्याला झेपेल इतके ठेवावे. ज्या यंत्राची भंगारातली किंमतच थोडी, त्याला २० हजार रुपये भरायला लावणे म्हणजे दार बंद करणे होय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेती अवजारेही होती. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. आपल्याकडे या हक्काची सुरुवात बंद पडलेल्या मॉडेलांपासून करता येईल: ज्या ट्रॅक्टरचे उत्पादन थांबले आहे, त्याचे आराखडे आणि सुट्या भागांची मापे कंपन्यांनी खुली करावीत, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ती मराठीत, आकृत्यांसह छापावीत. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिक हे अभ्यासक्रम आहेतच. त्यांतल्या प्रत्येक तुकडीला वर्षाकाठी एक बंद यंत्र पूर्ण उभे करायला द्यावे आणि त्याची नोंदवही संस्थेच्या ग्रंथालयात ठेवावी. हे शिकवायला पुस्तकापेक्षा माणूस लागेल. ज्यांनी बी-२७५ आणि झेटरच्या काळात हात काळे केले, ते मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत आणि त्यांच्यातल्या पुष्कळांकडे कोणतेही प्रमाणपत्र नाही. त्यांना तासिकेवर बोलावताना पदविकेची अट आडवी येत असेल, तर ती याच वर्षी शिथिल करावी.