ठपका कोणावर?

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१ने शेवटची सलामी दिली आणि वायुदलातली त्याची ६२ वर्षांची सेवा संपली. पाठोपाठ १७ ऑक्टोबर २०२५ला ओझरहून तेथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. दोन्ही प्रसंग अभिमानाचे. पण या दोहोंच्या मध्ये एक जुना हिशेब पडून आहे.

वरणगावात आयुधनिर्माणीत घाम गाळलेली माणसे गल्लोगल्ली भेटतात. काडतूस हातात आले की ती आधी त्याचे बूड पाहतात. पितळेच्या पुंगळीवर ‘ओएफव्ही’ ही अक्षरे आणि वर्ष ठोकलेले असते. काडतुसात दोष निघाला, तर त्या खुणेवरून आणि पेटीवरच्या लॉट क्रमांकावरून माग थेट कारखान्यापर्यंत काढता येतो. जवानाने बंदूक नीट धरली नसेल, एवढे म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत.

विमान पडते तेव्हा मात्र तो माग जनतेला दिसत नाही. मिग-२१ला इंजिन एकच, पंख आखूड. हवेत इंजिन बंद पडले की ते घारीसारखे तरंगत नाही, भराभर खाली येते. कधी पक्षी आत ओढला जातो, कधी टर्बाइनचे पाते तुटते, कधी इंधनच पोहोचत नाही. उंची कमी असेल, तर वैमानिकाच्या हाती काही सेकंद उरतात. तेवढ्यात इंजिन पुन्हा पेटवून पाहायचे, खाली वस्ती नाही ना ते बघायचे आणि मग आसनाचे हँडल ओढायचे. कारगिलमध्ये २७ मे १९९९ला वैमानिक नचिकेत यांच्या मिग-२७चे इंजिन रॉकेटे डागल्यावर असेच बंद पडले आणि नचिकेत शत्रूच्या हाती सापडले.

तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मे २०१२मध्ये संसदेत आकडे सांगितले होते: ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्यू पावले. कारणे दोन, मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड. कोणत्या अपघातात कोणते, हे त्या १७१ वैमानिकांच्या घरांपैकी किती घरांना नीट समजले?

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ला सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात गेले. ठपका त्यांच्यावरच आला. आईवडिलांनी तो मान्य केला नाही. कविता गाडगीळ यांनी मुलाच्या नावासाठी आणि इतरांच्या मुलांसाठी वर्षानुवर्षे जाहीर लढा दिला. गेलेला वैमानिक स्वतःची बाजू मांडायला येत नाही, म्हणून आईला उभे राहावे लागले. ही वेळ कोणत्याही आईवर येता कामा नये.

तेजसलाही इंजिन एकच आहे. संरक्षण मंत्रालयाने आताच ठरवावे: गोपनीय भाग वगळून प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष वर्षाच्या आत संसदेत मांडावा, आणि त्याची पहिली प्रत वैमानिकाच्या घरी पोहोचवावी.