न दिसणारी दुखापत, न मिळणारी भरपाई

उभ्या टेम्पोवर मागून ट्रक आदळतो. आत बसलेल्या हमालाचे धड आसनाबरोबर पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग हिसक्यासरशी पुढे फेकले जाते. हाड मोडत नाही, रक्त येत नाही. मानेचे स्नायू व अस्थिबंध मात्र ताणले जातात आणि वेदना पुष्कळदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. तोवर पंचनामा आटोपलेला असतो आणि "मला काही झालेले नाही" हे त्याचे शब्द पोलिसांच्या कागदावर उतरलेले असतात. विमा कंपनीचा वकील पुढे त्याच शब्दांवर बोट ठेवतो. क्ष-किरण चित्रही कंपनीच्याच बाजूने साक्ष देते, कारण त्यात काही दिसतच नाही.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर ४,४३,३६६ माणसे जखमी झाल्याची सरकारी नोंद आहे. मान दुखावलेला कामगार तीत आलाच, तर बहुधा 'किरकोळ' या रकान्यात!

मान सर्वांची सारखीच. तिच्या दुखण्याची किंमत मात्र वर्गावर ठरते. पगारी रजा असलेला अधिकारी गळपट्टा बांधून महिनाभर विश्रांती घेऊ शकतो. डोक्यावरच्या ओझ्यावर ज्याची चूल पेटते, त्या माथाडीचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच हे तत्त्व स्पष्ट केले आहे: अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी म्हणजेच कमाईचे नुकसान नव्हे, डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची तशी बुडत नाही. हाताला लावलेला हा न्याय मानेलाही लावला पाहिजे.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले मोटार वाहन कायद्याचे कलम १६४ चालकाची चूक सिद्ध न करताही जबर दुखापतीस अडीच लाख रुपये देते. पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीची कामे करता आली नाहीत, तर हाड न मोडताही भारतीय न्याय संहितेनुसार दुखापत 'जबर' ठरते. कागदावर ही व्याख्या माथाडीच्या बाजूची आहे. पण घरात दाणा नाही म्हणून तो पाचव्या दिवशी कण्हत कामावर गेला, की त्याचा दावा दुबळा होतो. म्हणजे भूक हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा!

मग उरते कलम १६६. तेथे चालकाचा निष्काळजीपणा शाबीत करावा लागतो. अर्जासाठी असलेली सहा महिन्यांची मुदत संसदेने १९९४ मध्ये काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा कुठे थोडा श्वास मिळाला. अंतरिम आदेश म्हणजे हक्क नव्हे. जिची वेदनाच उशिरा उमटते, त्या दुखापतीच्या दाव्याला घड्याळ लावणारे हे कलम रद्दच झाले पाहिजे.

तोपर्यंत माथाडी व वाहतूक कामगारांच्या संघटनांना एक काम ताबडतोब करता येण्यासारखे आहे. अपघातातून सुखरूप उतरलेल्या प्रत्येक कामगाराला, तो नको म्हणाला तरी, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्यावे, केसपेपरवर अपघाताचा उल्लेख करून घ्यावा आणि बुडालेल्या प्रत्येक दिवसाची नोंद टोळीच्या हजेरीवहीत ठेवावी.