रक्तक्षय : लोहापलीकडची उणीव
रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण आपल्याकडे घट्ट रुजले आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ मोहिमेची भिस्तही मुख्यतः लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांवरच. मात्र २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ३१ टक्के किशोरवयीनांमध्ये ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची उणीव आढळली होती.

हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज पदार्थांतून मिळते. त्याची उणीव असताना केवळ फॉलिक अ‍ॅसिड दिल्यास रक्त सुधारल्याचे दिसते. मज्जातंतूंची हानी मात्र सुरूच राहू शकते.

गोळ्या आवश्यकच आहेत. परंतु त्या घेऊनही थकवा हटत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर ‘बी-१२’ची तपासणी सरकारी दवाखान्यातही सहज व्हायला हवी. गोळ्यांच्या वाटपापुरती मर्यादित राहिलेली मोहीम अपुरीच ठरेल.