गाणं शिकवणारा मिस्त्री

आमच्या जुन्नर भागातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. दोन तास पोरं नाचली, पण एकही पोर गायलं नाही. सगळी गाणी पेनड्राइव्हवर! समितीतल्या एका गृहस्थांना विचारलं, तर म्हणाले, "गुरुजी, गायनाचा मास्तर ठेवून काय मिळतं? ट्रॅक लावला की भागतं."

काय मिळतं ते सांगतो. त्याच संमेलनात एक पोरगा 'अमर अकबर अँथनी'मधल्या (१९७७) अँथनी गोन्साल्विसच्या गाण्यावर नाचला. टाळ्या कडकडून पडल्या. पण अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस खरोखर होता, हे तिथे किती जणांना ठाऊक होतं? तो संगीतकार प्यारेलाल यांचा व्हायोलिनचा गुरू. चित्रपटात ते नाव आलं ते या गुरूच्या आदरापोटी.

हा अँथनी १९२७ साली गोव्यात माजोर्ड्याला जन्मला. वडील गावच्या चर्चमधल्या गायकवृंदाचे प्रमुख. गोव्यात अशा माणसाला मेस्त्री म्हणत. (आपला मिस्त्रीही त्याच पोर्तुगीज शब्दातून आला, पण आपण त्याला गवंडीकाम आणि सुतारकाम दिलं!) चर्चच्या शाळेत मेस्त्रीने गावातल्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवायचं, व्हायोलिन हातात द्यायचं, आणि सणासुदीला सगळ्यांचे गळे एकत्र बांधून चर्चमध्ये उभं करायचं. जन्मभर हेच काम. नाव गावाच्या वेशीबाहेर जायचं नाही.

पण मुंबईच्या सिनेमाला समोर कागद ठेवला की वाजवणारे वादक लागले, तेव्हा ते आले कुठून? मोठ्या संख्येने याच गावशाळांतून. लहानपणी वडिलांकडे शिकलेला अँथनीही त्यांतलाच. १९५८ साली त्याने स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. २०१२ साली तो गेला. गाणं मात्र अजून लग्नाच्या वरातीत वाजतंय.

कुणी म्हणेल, ते गोवेकर, त्यांचं वेगळं. वेगळं कसलं? जुन्नर-आंबेगावात कार्तिकात पहाटे काकडा होतो, सप्ताह बसतो. कीर्तनकारामागे टाळकरी एका सुरात ध्रुवपद धरतात ते काय आपोआप? कुणीतरी म्हातारा वर्षानुवर्षं देवळात बसून पोरांना चाल सांगत असतो. सप्ताहाच्या फ्लेक्सवर महाराजांचा फोटो हातभर, आणि हा बिचारा 'समस्त भजनी मंडळ' या चार इंची ओळीत. त्याला कुणी मानधन विचारत नाही. डीजेला आगाऊ रक्कम देताना मात्र वर्गणी कमी पडत नाही. असो, बोललो की राग येतो लोकांना.

शाळेला गायनाचा शिक्षक परवडत नसेल, तर या म्हाताऱ्याला आठवड्यातून दोन तास बोलवा, रीतसर मानधन द्या. आणि पुढच्या संमेलनात निदान एक गाणं तरी अख्ख्या वर्गाने ट्रॅकशिवाय म्हणावं. बेसूर झालं तरी चालेल. मी पुढच्या रांगेत बसेन.