मातीचा हिशेब आणि परक्यांची मोजपट्टी

हवामानबदलाची चर्चा निघाली की भारतीय शेतीकडे बोट दाखवण्याची पाश्चात्त्यांची सवय जुनीच आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एक अंदाज मांडला. भारतातील भातशेतीतून दरवर्षी सुमारे ३.८ कोटी टन मिथेन वातावरणात जातो, असे त्यात म्हटले होते. हा आकडा युरोप-अमेरिकेतील मोजक्या शेतांच्या नोंदींवरून बेतलेला होता. १९९१ मध्ये नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डॉ. आशेष प्रसाद मित्रा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय खाचरांत प्रत्यक्ष मोजमाप झाले आणि उत्तर आले सुमारे ४० लाख टन! मिथेन जोमाने तयार होतो तो सतत तुंबलेल्या पाण्याखाली. आपली बरीचशी खाचरे पावसावर अवलंबून असतात आणि त्यांतील पाणी मधूनमधून आटते. परक्या शेतांच्या नोंदींना हे कसे कळावे?

आज तोच प्रश्न नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने उभा आहे. पिकाला दिलेल्या नत्रापैकी जो भाग पीक घेत नाही, त्यावर मातीतील जिवाणू प्रक्रिया करतात आणि त्यातून हा वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे.

या बाबतीत भारत आणि अमेरिका यांची तुलना उद्बोधक ठरते. दोन्ही देशांतील लागवडीयोग्य जमीन जवळजवळ सारखी, १५-१६ कोटी हेक्टर आहे. भारत वर्षाला सुमारे २ कोटी टन नत्र वापरतो, तर अमेरिका १.१ ते १.२ कोटी टन. हेक्टरी मोजले तर भारत दोषी दिसतो. परंतु भारताची माती १४० कोटींहून अधिक लोकांना अन्न पुरवते, अमेरिकेची सुमारे ३४ कोटींना. दरडोई मोजले तर अमेरिकेचा नत्रवापर आपल्या दुपटीहून अधिक भरतो. शिवाय तिकडच्या मक्यापैकी सुमारे एकतृतीयांश मका मोटारींच्या इथेनॉलसाठी जातो. एकाची भाकरी आणि दुसऱ्याचे इंधन एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नव्हे.

तथापि, एवढ्यावर समाधान मानणे ही आत्मवंचना ठरेल. आपल्याकडे टाकलेल्या युरियातील नत्रापैकी ढोबळमानाने एकतृतीयांशच पिकाच्या उपयोगी पडते. उरलेले हवेत तरी जाते किंवा भूजलात तरी झिरपते. याचे मूळ धोरणात आहे. २०१० मध्ये पोषणद्रव्याधारित अनुदान आले, पण युरिया त्यातून वगळला गेला. परिणामी युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना, तर डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना, अशी तफावत पडली. शेतकरी स्वस्त ते अधिक टाकतो. त्यात त्याचा दोष काय? जमीन मात्र थकत जाते आणि अनुदानाचा पैसा वायुरूपाने उडून जातो.

उपाय आपल्याच परंपरेत आणि प्रयोगशाळांत आहेत. कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिल्यास युरियातील नत्र सावकाश सुटते. २०१५ पासून देशातील युरियाला असा लेप सक्तीचा झाला आणि त्याच वर्षी मृदा आरोग्य पत्रिकेची योजनाही सुरू झाली. आता ती पत्रिका कपाटात न राहता शेतकऱ्याच्या हाती यावी, डाळवर्गीय पिकांचा फेरपालट व शेणखत यांना पुन्हा मानाचे स्थान मिळावे आणि युरियाच्या अनुदानाची फेरमांडणी व्हावी.

डॉ. मित्रा यांच्या मोजमापाने देशाला दिलेला धडा स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या आकड्यांवर केवळ संताप व्यक्त करून भागत नाही, स्वतः मोजावे लागते. आणि एकदा स्वतः मोजले की जे दिसेल ते सुधारण्याची जबाबदारीही स्वतःचीच असते. ज्या भूमीला आपण माता म्हणतो, तिचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवणे हे तिच्या पुत्रांचे कर्तव्यच नव्हे काय?