विश्लेषण : गिटारच्या पोटाला भोक कशासाठी? आवाज खरेच तिथून येतो का?

आवाज गिटारच्या मधल्या गोल भोकातून बाहेर पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. भोक पुठ्ठ्याने झाकून तार छेडली तरी गिटार मुकी होत नाही. फक्त खर्जातले सूर पातळ होतात.

एकटी तार फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन ब्रिजमार्फत वरच्या पातळ फळीत उतरते आणि बराचसा आवाज ही फळीच करते, विशेषतः वरच्या सुरांचा. भोकाचे काम खालच्या सुरांत आहे. फळी दबली की पोटातली हवा भोकातून बाहेर येते, फळी उचलली की आत जाते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमते, तसाच हा प्रकार. याला हेल्महोल्ट्झ अनुनाद म्हणतात. गिटारमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास असतो. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, तर फळीचा मुख्य अनुनाद २०० हर्ट्झच्या जवळपास. फळी कमी पडते तिथे हवा हात देते. मग भोक मोठे केले तर? अनुनाद वर सरकतो आणि खर्जाचा आधारच जातो.

व्हायोलिनला 'एफ' आकार का?

एमआयटीचे निकोलस मॅक्रिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याचे गणित मांडले. हवा भोकाच्या मध्यापेक्षा काठालगत जास्त वेगाने वाहते, म्हणून क्षेत्रफळापेक्षा काठाची लांबी महत्त्वाची. गोलाचा काठ सर्वांत कमी भरतो. इटलीतील क्रेमोनाच्या आमाती, स्ट्राडिव्हारी, ग्वार्नेरी यांच्या व्हायोलिनवर ही 'एफ' भोके कालांतराने लांब होत गेली. कारागिरांनी हे ठरवून केले असेलच असे नाही. चाकू किंचित इकडेतिकडे गेला, वाद्य चांगले वाजले, पुढच्यांनी तोच नमुना उचलला, एवढ्यानेही हे घडू शकते, असे संशोधकांचे म्हणणे. ते पटण्याजोगे आहे. पण स्ट्राडिव्हारीची सगळी कीर्ती भोकाच्या खात्यावर टाकता येणार नाही. लाकूड आणि फळीची जाडीही मोजावी लागते.

२०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांच्या तबलीवर असे मोठे भोक नसते. तिथे कारागिराचा कस घोडीची जवारी काढण्यात लागतो.

मंचावर मात्र गिटारचे हे भोक डोकेदुखी ठरते. स्पीकरचा आवाज पोटातली हवा पुन्हा हलवतो आणि खर्जात घुमणारा फीडबॅक सुरू होतो. म्हणून अनेक वादक भोकावर रबरी झाकण बसवतात. आवाज पिकअपमधून मिळतच असतो.