मामांची गाडी : बेकु की साकु?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारगाडीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. मुलीने लिहावे याचे तर वाटेलच. पण हा लेख मी हौसेने लिहिलेला नाही. मामांनी मला एक प्रश्न विचारला, मी त्याचे चुकीचे उत्तर दिले, आणि ते उत्तर का चुकले याचा विचार करता करता चार पाने भरली.

२०२५च्या मे महिन्यात परीक्षा आटोपून मी आजोळी गेले होते. माझे आजोळ भरवेली. हे गाव मध्य प्रदेशात, बालाघाट शहराला लागूनच आहे. आईचे माहेर मूळचे गोंदियाचे. मामा खाणीत सर्व्हेअर म्हणून लागले आणि भरवेलीचेच झाले. तिथली मँगनीजची खाण भूमिगत आहे, आणि आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ती सांगितली जाते. खाण चालविणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरात, त्यामुळे वसाहतीत मराठी माणसे पुष्कळ. आमच्या घरी वडिलांकडचे लोक कन्नड बोलतात, शाळा माझी मराठी, आणि भरवेलीला गेले की कानावर हिंदी आणि झाडीकडची मराठी. अशी ही तीन पाण्यांची आंघोळ दर सुटीत होते.

मामांची गाडी म्हणजे २०१४ साली घेतलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. या जातीच्या गाडीला मोटारवाले ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर साध्या सदऱ्यातला पैलवान. वरून पाहिले तर चार माणसांची, मागे डिकीचे दार असलेली घरगुती गाडी. पण अंगात बळ दुप्पट. ही कल्पना रुजविली ती जर्मनीत १९७६ साली विक्रीस आलेल्या गोल्फ जीटीआयने. तिला ११० अश्वशक्तीचे इंजिन होते. आपल्याकडे २००१ साली फियाटने पॅलिओ आणली, तिच्या १.६ लिटरच्या प्रकाराची आठवण काढून अजून उसासे टाकणारे काका प्रत्येक गल्लीत एखादा तरी सापडतो. पोलो तर आपल्या पुण्याजवळच्या चाकणची. २०१३ साली जीटी टीएसआय आली, तेव्हा तिची शोरूममधील किंमत ७ लाख ९९ हजार होती. इंजिन १२०० घनसेंटिमीटरच्या आतले, पण टर्बोमुळे शक्ती १०५ अश्वशक्ती. २०२२ साली पोलो बंद झाली. त्याच चाकणच्या कारखान्यातून आता उंच टायगन आणि लांब व्हर्टस बाहेर पडतात. म्हणजे माझ्या मामांसारखी माणसे महाराष्ट्रात पुष्कळ असणार. गाडी अकरा-बारा वर्षांची झाली, दुसरी घ्यावीशी वाटते, आणि तसली आता मिळत नाही.

“तू कॉमर्सवाली न? मग सांग न, कोणती घेऊ?” मामा म्हणाले.

हा प्रश्न वाटतो तितका हलका नव्हता. मामांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. आजीच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसरा तिच्याच वाटेवर. दर तीन महिन्यांनी तिला नागपूरला दाखवायला न्यावे लागते. गाडी बुटकी, त्यामुळे बसताना आजी दाराला धरून देवाचे नाव घेते आणि मग मामांचे. “मले त्या खड्ड्यात नको बसवू रे बाबा,” हे वाक्य प्रत्येक प्रवासाचा नारळ असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मत पडले की आता वयाला शोभेल अशी उंच गाडी घ्यावी. मामांच्या मनात सतरा लाखांपर्यंतचा आकडा होता, आणि तो बहुतांशी भविष्य निर्वाह निधीतून काढायचा होता.

मी वही काढली. घसारा मांडला. मोटारगाडीला प्राप्तिकरात ऱ्हासमान शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा धरतात (नोकरदाराला त्याचा उपयोग शून्य, पण सवय वाईट). रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाखांना पडलेली गाडी अकरा वर्षांनी पुस्तकात दीड लाखाच्या आसपास उरते. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने पावणेतीन लाख सांगितले होते. म्हणजे बाजार पुस्तकापेक्षा उदार निघाला. मग नव्या गाड्यांचे रकाने पाडले. किंमत, पेट्रोल, विमा, बैठकीची उंची, डिकी, पुनर्विक्री. सगळ्या रकान्यांची बेरीज एका उंच, चार मीटरच्या आतल्या छोट्या एसयूव्हीच्या बाजूने आली. मी खाली दोन रेघा मारल्या आणि कागद मामांपुढे ठेवला.

मामांनी तो दोनदा वाचला. सर्व्हेअर माणूस, बेरीज तपासल्याशिवाय राहणार नाही. मग म्हणाले, “सगळं बरोबर आहे. पण याच्यात गाडी कुठे आहे?”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठविले आणि बैहरच्या रस्त्याने नेले. भरवेली मागे पडली की थोड्याच वेळात जंगल लागते आणि सातपुड्याची वळणे सुरू होतात. मामा वेगाने चालवीत नाहीत, हे मुद्दाम सांगते. ते नीट चालवितात. वळणाआधी वेग उतरलेला, वळणात हात स्थिर, वळण संपताना पुन्हा जोर; आणि गाडी सांगितले तेवढेच आणि सांगितले त्याच क्षणी करते. आठ तास जमिनीखाली अंधारात मोजमापे घेणारा माणूस, ज्याच्या कामात घाई म्हणजे अपघात, तो आठवड्यातून एक तास असा घालवितो. मी स्वतः याच गाडीवर वसाहतीच्या मैदानात शिकले, तेव्हा क्लच नसलेल्या गाडीवर शिकून काय उपयोग म्हणून सगळे हसले होते. मला त्या सकाळी ऋषितुल्य असे काही ज्ञान झाले नाही. एवढेच लक्षात आले की माझ्या वहीत ज्या सहा रकान्यांची बेरीज मी केली, त्यांत या एका तासाला जागाच नव्हती. आणि जागा नाही म्हणून मी त्याची किंमत शून्य धरली होती. हिशेबातली ही चूक आहे. परीक्षेत गुण गेले असते.

आता माझे मत सांगते. आपल्याला उंच गाडी आवडते असे आपण समजतो, पण त्या आवडीत सरकारी कराचा वाटा किती, हे कोणी पाहत नाही. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आले. छोटी कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरच्या आत आणि डिझेल १५०० च्या आत. झाले. कारखानदारांनी गाड्या चार मीटरच्या फूटपट्टीवर कापल्या. लांबी वाढविता येईना, मग उंची वाढविली. कराला उंचीचे वावडे नव्हते! तेवढ्याच लांबीच्या गाडीला उंच चाके, छाती पुढे काढलेले नाक आणि छतावर दोन दांड्या दिल्या की ती एसयूव्ही. किंमत लाखाने वर, आणि घेणाऱ्याचा मान हातभर वर. पद वाढले की गाडीची उंची वाढली पाहिजे, असा जणू नियमच वसाहतीत झाला आहे. आमच्याकडेही काही वेगळे नाही. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभे राहून मोजून पाहा.

याचा अर्थ उंच गाडी वाईट, असे मी म्हणत नाही. खड्डे आहेत, पूर आहेत, आजीचे गुडघे आहेत. माझे म्हणणे एवढेच की चपळ छोटी गाडी चालविलेल्या माणसाने ‘आता पुढची पायरी’ म्हणून मोठी गाडी घेऊ नये. ती पुढची पायरी नसते, ती दुसऱ्याच घराची पायरी असते. आणि सर्वांत फसवी ती मधली जात. नावाला ‘स्पोर्ट’, दारावर लाल पट्टी, आणि इंजिन घरातल्या इतर भावंडांचेच. तिच्यात ना तो तास मिळतो ना पैसा वाचतो.

मग तसली छोटी गाडी पुन्हा घ्यावी का? काही आहेत. ह्युंदाईची आय-२० एन लाइन २०२१ साली आली, ९९८ घनसेंटिमीटरचे टर्बो इंजिन, १२० अश्वशक्ती. टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ची, तीही १२०ची. व्हर्टसचे दीड लिटरचे इंजिन १५० अश्वशक्तीचे, पण ती साडेचार मीटर लांब सेडान आणि मामांचे सगळे सतरा लाख खाणार. खुद्द गोल्फ जीटीआय २०२५ साली भारतात आली, त्रेपन्न लाखांना. तिच्याविषयी अधिक लिहिण्यात शाई घालविण्याचे कारण नाही.

अल्ट्रोझमध्ये मात्र एक गोष्ट मला फार आवडली, आणि ती जाहिरातीत वेगाच्या खाली लहान अक्षरांत असते. तिची दारे ९० अंशांत उघडतात. आजीची अडचण उंचीची जितकी तितकीच दाराची आहे, हे मामांनी टेप लावून सिद्ध केले. त्यांनी आजीच्या खाटेची उंची मोजली, मग वसाहतीतल्या पाच गाड्यांच्या बैठकी मोजल्या. काही उंच गाड्यांत आजीला चढता येईना. तिथे तिला स्टूल लागले. एकीत ती छान बसली पण उतरताना पाय अधांतरी लोंबू लागले, आणि शेजारच्या काकूंसमोर तिचा जो अपमान झाला त्याचे वर्णन ती अजून करते. सांगायचे तात्पर्य, “आईसाठी उंच गाडी घेतो” हे वाक्य उच्चारण्यापूर्वी आईला एकदा बसवून पाहावे.

तेव्हा मी दुसरा कागद लिहिला. पोलोची नोंदणी २०२९ पर्यंत आहे. तोवर ती ठेवावी. सतरा लाखांची गाडी घेतली तर जुनीचे पैसे वजा जाता सव्वाचौदा लाख वर घालावे लागतात. त्यांतले चौदा लाखच ७ टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला ९८ हजार येतात. नव्या गाडीचा पहिल्या वर्षीचा घसारा अडीच लाखांवर, तो निराळाच. उलट नागपूरच्या चार फेऱ्यांना भाड्याची ऐसपैस गाडी केली तर फेरीला साडेसहा हजार धरून २६ हजार. गाडी रोजच्या रस्त्यासाठी घ्यावी, वर्षातून चार वेळच्या रस्त्यासाठी भाड्याने आणावी. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला.

आजीने तो एका वाक्यात तोडला. “पोराच्या दारात गाडी असून मी भाड्याच्या गाडीनं दवाखान्यात जाऊ?”

यावर माझ्या वहीत उत्तर नव्हते, आजही नाही.

आणखी एका ठिकाणी माझा मुद्दा लंगडा पडतो, तेही सांगायला हवे. ग्लोबल एनकॅपने जानेवारी २०१४ मध्ये भारतीय गाड्यांची धडक-चाचणी जाहीर केली, तेव्हा बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार. मामांच्या गाडीत त्या दोन आहेत, घसरण रोखणारी यंत्रणाही आहे. पण त्याच कारखान्याच्या टायगन आणि व्हर्टसला पुढे पाच तारे मिळाले आहेत. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि २०१४ची गाडी त्यासाठी घडविलेली नाही. जुन्या गाडीवरचे प्रेम या दोन प्रश्नांना पुरे पडत नाही. म्हणून मी ‘कायमची ठेवा’ म्हटले नाही. निवृत्तीपर्यंत ठेवा, मग हातात काय उरते ते पाहून छोटीच घ्या, रुंद दाराची घ्या, असे म्हटले.

कन्नडमध्ये दोन शब्द आहेत, आपल्या भागात मराठी मुलांनाही ते आधी येतात. ‘बेकु’ म्हणजे हवे आणि ‘साकु’ म्हणजे पुरे. अर्थशास्त्राचे आमचे पहिले पान ‘बेकु’वरच उघडते, मानवी गरजा अमर्याद आहेत वगैरे. ‘साकु’ कितव्या पानावर आहे, ते तिसऱ्या वर्षात कळेल बहुधा. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण मराठीत आहे, कन्नडमध्येही शब्दशः तीच, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. मामांचे अंथरूण तसे मोठे होते. पण अंथरूण मोठे म्हणून पाय ताणलेच पाहिजेत, असे दोन्ही भाषांतल्या म्हणीत कुठे म्हटलेले नाही. असो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी उपकरासह सुमारे २९ टक्क्यांचा १८ झाला, मोठ्यांचाही बोजा कमी होऊन ४० वर आला. त्या आठवड्यात मामांना पाच जणांचे फोन आले, आता तरी घ्या म्हणून. मामांनी पोलोला चार नवे टायर घातले, पुढच्या सीटवर आजीसाठी सुताराकडून मापाची लाकडी पाटी आणि तीवर घट्ट गादी बसवून घेतली, आणि दिवाळीआधी तिला नागपूरला नेऊन आणले. आजीने टायरची किंमत विचारली. मामांनी निम्मी सांगितली. ही उरलेली निम्मी रक्कम जमाखर्चात कोणत्या खात्याला टाकायची, हे मला आमच्या सरांना विचारायचे आहे.